काउंटरखालचं लाकडी पिस्तूल

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. समोर जयदेव रोकडेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून लोकूमल सेठचं कापडाचं. एक्क्याण्णव साली आमच्या गल्लीत पिस्तुलाच्या परवान्यावरून जे रामायण झालं, ते मी काचेआडून पाहिलं आणि बरंचसं काचेबाहेर येऊन पाहिलं. त्या सगळ्याच्या मध्यभागी होती जयदेवची बायको अंजनी. म्हणून आधी तिच्याबद्दल.

अंजनी माहेरची शिरसाट, अंबरनाथची. वडील शिवराम काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत होते, आणि त्यांचा गणवेशातला फोटो घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला. कॉलेजात गेल्यावर पोरीने एन.सी.सी. घेतली. शिवरामना वाटलं, दोन महिने परेड करील आणि सोडून देईल. पण एका शिबिरात तिला पॉइंट टू-टूची रायफल हातात मिळाली. पालथं पडून, दस्ता खांद्याला लावून तिने पाच गोळ्या झाडल्या. टार्गेटचा कागद आणायला गेलेले धोंडिबा उस्ताद तो कागद उन्हात धरून उभेच राहिले. पाचही गोळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या.

धोंडिबा उस्ताद म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, अंबरनाथला घर करून राहिलेले. ते सहसा कुणाची तारीफ करत नसत. त्या दिवशी ते अंजनीला एवढंच म्हणाले, "पुन्हा मार." तिने पुन्हा मारल्या. मग तिसऱ्यांदा मारल्या. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा खांदा काळानिळा झाला होता आणि ती जेवायला बसायलाही तयार नव्हती, नुसती बोलत होती. श्वास कसा धरायचा, घोडा ओढायचा नसतो तर दाबायचा असतो, आवाजाआधीच कसं कळतं की गोळी बरोबर गेली. शिवरामनी दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीला सांगितलं की आमच्या घरात पुन्हा एकदा शिपाई जन्माला आलाय.

पुण्याच्या एका स्पर्धेत तिला पदकही मिळालं. पण कॉलेज संपलं तशी रायफल संपली. स्वतःची बंदूक घेणं शिरसाटांच्या आवाक्यातलं नव्हतं. सत्याऐंशी साली जयदेवशी लग्न होऊन ती बदलापूरला मांजर्लीत राहायला आली. सकाळी बालवाडी शिकवायची आणि दुपारनंतर नवऱ्याच्या दुकानात बसायची. काउंटरवर ती असली की गिऱ्हाईक खूश असे, कारण जयदेव हा अबोल माणूस, आतल्या खोलीत टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलेला.

त्या काळात आमच्या बाजारात हप्ता मागणारी पोरं फिरायची. एका दुपारी दोघं जयदेवच्या दुकानात शिरले. एकाने काउंटरवरचा रेडिओ उचलून जमिनीवर आपटला आणि जयदेवची गचांडी धरली. अंजनी त्या दिवशी बालवाडीच्या कार्यक्रमामुळे आलेली नव्हती. मी माझ्या दुकानातून ओरडलो, पण काचेबाहेर आलो नाही. तेवढ्यात लोकूमल सेठ बाहेर आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पांढऱ्या लेंग्यातला माणूस, आणि त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर. त्याला परवाना आहे हे आम्हाला माहीत होतं, पण ती वस्तू कधी कुणी पाहिली नव्हती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती आणि हात थरथरत होते. तो म्हणाला, "छोड दे उसको." बस्स. दोघंही गल्लीच्या तोंडापर्यंत पळाले ते मागे न बघता.

संध्याकाळपर्यंत सगळा बाजार त्या दुकानासमोर जमला होता. लोकूमल प्रत्येकाला तीच हकिगत नव्याने सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचे हात थोडे कमी थरथरत होते. अंजनी धावत आली. जयदेवच्या मानेवरचे वळ बघून तिचे डोळे भरले आणि पुढच्याच मिनिटाला ती लोकूमलला विचारत होती की रिव्हॉल्व्हर कुठल्या बनावटीचं, किती गोळ्यांचं. जयदेवने त्याच दिवशी ठरवलं. अर्ज करायचा, आणि परवाना काढायचा तो अंजनीच्या नावावर. घरात नेम येतो तो तिलाच. तिला ते ऐकून इतका आनंद झाला की तिने लपवलाही नाही. सात वर्षांनी पुन्हा हातात शस्त्र येणार होतं.

व्यापारी मंडळाने त्याच आठवड्यात बैठक बोलावली. ठराव असा, की दुकानदारांना पिस्तुलाचे परवाने सहज मिळावेत अशी मागणी सरकारकडे करायची. अध्यक्ष शहाणा माणूस होता. तो म्हणाला, आधी दोन्ही बाजू लोकांसमोर होऊ द्या, मग मत घेऊ. बाजूने बोलायला अंजनीचं नाव पुढे आलं. विरोधात बोलायला दुकानदारांतलं कुणीच तयार होईना, तेव्हा अध्यक्षांनी अंबरनाथहून एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं. धोंडिबा उस्तादच.

आपल्याला नेम शिकवणारा माणूस आपल्याविरुद्ध उभा राहणार हे कळल्यावर अंजनीने रोज तयारी केली. बालवाडीच्या मुलांसमोरसुद्धा तोंडात पुटपुटायची म्हणे. सभेच्या दिवशी धर्मशाळेचा हॉल भरून बायका खिडक्यांत बसल्या होत्या.

ती सुरेख बोलली. ती म्हणाली, गुंड काही ठाण्याला अर्ज करून पिस्तूल घेत नाही. कायदा आडवा येतो तो फक्त कायदा पाळणाऱ्याला. पोलीस येतात, पण रेडिओ फुटल्यावर येतात. अंगात ताकद असलेला माणूस निदान हात तरी उचलू शकतो, बाईने आणि म्हाताऱ्याने काय उचलायचं? लोकूमल सेठ काही पैलवान नाही, पण त्या दुपारी त्याच्यामुळे माझा नवरा वाचला. मग ती आजोबांबद्दल बोलली. गावात ज्यांच्या खांद्यावर झाडू असायचा, त्यांच्या खांद्यावर पलटणीने बंदूक दिली, आणि सुट्टीवर आल्यावर त्याच गावाची नजर बदललेली आजोबांनी पाहिली. "हत्यार कुणी बाळगायचं हे ज्यांनी आजवर ठरवलं," ती म्हणाली, "त्यांनी ते आमच्या भल्यासाठी कधीच ठरवलं नव्हतं." यावर हॉलमध्ये असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की मागे उभ्या असलेल्या शिवरामना कुणीतरी खुर्ची दिली.

उस्ताद उठले. त्यांना भाषण करता येत नव्हतं, ते शिकवल्यासारखं बोलले. चामटोली गावातल्या जनू शेतकऱ्याकडे डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक आहे, ती खांद्यावर असली की अख्ख्या गावाला दिसते. पिस्तूल खिशात मावतं, उशीखाली मावतं, आणि म्हणूनच ते रागाच्या हाताला लगेच सापडतं. फौजेत प्रत्येक हत्यार कोतात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, जमा होतं, कुलूप लागतं, पहारा लागतो. शिकलेल्या शिपायाच्या उशाशीही ते ठेवत नाहीत. घरात नवरा-बायको भांडतात, पोरगा नापास होतो, कुणी दारू पिऊन येतं. चोर वर्षातून एकदा येईल, पण घरातली माणसं रोज घरात असतात. आणि लोकूमल सेठला ते म्हणाले की तुमच्या धाडसाला माझा सलाम, पण ती पोरं पळाली कारण त्यांच्याकडे पिस्तूल नव्हतं. सगळ्या दुकानात पिस्तुलं आहेत हे कळलं की पुढच्या वेळी ती काय घेऊन येतील?

मी स्वतः दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या, हे सांगायला हरकत नाही. हॉलमधली निम्मी माणसं तशीच होती. हात वर करून मतं घेतली तेव्हा अंजनीची बाजू सरस ठरली. ती लाजली, उड्या मारायचं तेवढं बाकी होतं. उस्ताद तिच्याकडे आले आणि म्हणाले, "सभा जिंकलीस. आता सभेसाठी नाही, तुझ्यासाठी एकदा बघू या का?"

त्यांचं म्हणणं असं. त्यांनी लाकडाचं एक पिस्तूल करून द्यायचं, काळा रंग देऊन. ते अंजनीने काउंटरखाली ठेवायचं. येत्या काही दिवसांत दुकान उघडं असताना त्यांचा एखादा माणूस तसंच लाकडी पिस्तूल घेऊन येईल. कधी, कोण, ते सांगणार नाहीत. तिने त्याच्या आधी योग्य माणसावर रोखून 'ठो' म्हणायचं. लोकूमलनेही तसंच लाकडी पिस्तूल घेऊन भाग घ्यायचा, पण अट एकच, तोवर खरं रिव्हॉल्व्हर बाजारात आणायचं नाही. पोलीस चौकीतही उस्तादांनी आधी जाऊन सांगितलं. तिथले हवालदार हसले आणि म्हणाले की निकाल आम्हालाही कळवा.

पुढचे दिवस बाजारात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकाकडे सगळी गल्ली टक लावून बघायची. एका बिचाऱ्या विमा एजंटाने पिशवीत हात घातला तर लोकूमलने त्याच्यावर ठो केलं, आणि नंतर त्याला चहा पाजून समजूत काढावी लागली. अंजनी तर पेटून उठली होती. काउंटरखालून हात कसा काढायचा, स्टूल कुठे ठेवायचं, सगळं तिने पुन्हा पुन्हा करून बघितलं.

पहिला माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला. टळटळीत दुपार, दुकान रिकामं. त्याने कॅसेट अडकते म्हणून सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता कमरेला हात नेला. त्याचा हात वर यायच्या आत अंजनीचं पिस्तूल त्याच्या छातीसमोर होतं. "ठो," ती म्हणाली, अगदी शांत आवाजात. तो माणूस हसून हात वर करून उभा राहिला. आम्ही सगळे दुकानात घुसलो. लोकूमलने घरून दालपकवान मागवून गल्लीभर वाटलं. "साईं, देखा?" तो मला म्हणाला, "एक गोली में काम तमाम." अंजनीचे गाल लाल झाले होते. उस्तादांना निरोप गेला. त्यांचा उलट निरोप आला की अजून एकदा.

दुसरी वेळ शनिवारी दुपारी आली. शनिवारी आमच्याकडे अंबरनाथ-बदलापूरहून गिऱ्हाईक येतं, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. अंजनीच्या काउंटरवर कौसाबाई उभी होती. विठ्ठलवाडीकडे खानावळ चालवणारी दांडगी बाई. दुरुस्त झालेला मिक्सर पुन्हा बिघडला म्हणून ती तावातावाने बोलत होती, आणि तिला या खेळातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या मागे आणखी चार-पाच माणसं. त्यातच वीज गेली. दुकानात एकदम काळोखी आली, पंखे थांबले, आणि त्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हिलना मत!"

पुढचं सगळं इतकं झटपट झालं की मला ते नंतर तुकडे जोडून समजलं. ओरडणाऱ्याने कौसाबाईच्या खांद्याला धरून तिला पुढे घेतलं होतं. अंजनीचा हात काउंटरखाली गेला. त्याच क्षणी आतल्या खोलीचा पडदा हलला आणि अंधारातून एक माणूस बाहेर आला, हातात काहीतरी काळं, पिस्तुलासारखं, पुढे धरलेलं. अंजनी वळली आणि म्हणाली, "ठो."

तो जयदेव होता. हातात डाग द्यायची सोल्डरिंग गन होती. वीज गेली म्हणून तो ती बाजूला ठेवायला विसरून बघायला आला होता.

तेवढ्यात लोकूमल दारात पोचला. त्याने नीट पाहिलं, कौसाबाईला ओलांडून मागच्या माणसाच्या कानाजवळ लाकडी पिस्तूल टेकवलं आणि ठो केलं. त्याचं बिनचूक झालं, हे मान्य करायला हवं. पण त्याच्या ठोच्या आधीच कौसाबाईने हातातलं मिक्सरचं भांडं मागे भिरकावून त्या माणसाच्या मनगटावर हाणलं होतं, आणि तो मनगट धरून कळवळत होता. पडलेलं पिस्तूल कौसाबाईने उचलून बघितलं, ते लाकडाचं निघाल्यावर तिने जो काय तोंडाचा पट्टा सोडला तो लिहिण्यासारखा नाही. गल्ली हसून हसून बेजार झाली. जयदेवही हसत होता. छातीवर हात ठेवून, मेलो मेलो म्हणत त्याने स्टुलावर बसकण मारली.

अंजनी हसत नव्हती. तिने पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि ती नवऱ्याच्या शर्टाकडे बघत राहिली, जिथे तिने नेम धरला होता तिथे. वीज आली तरी ती तशीच उभी.

ती नंतर काय म्हणाली ते जयदेवनेच मला सांगितलं. घरी जाताना तिने त्याला सांगितलं की चूक झाली याचं तिला तेवढं वाटलं नाही, अंधार होता, कुणाचीही झाली असती. पण ठो म्हणताना, चेहरा दिसायच्या आधी, तिला आनंद झाला होता. नेम बरोबर बसल्याचा तोच कॉलेजातला आनंद. "माझा हात चुकला नाही," ती म्हणाली, "हात बरोबर तिथेच गेला जिथे मला न्यायचा होता. याचीच भीती वाटली मला."

पुढच्या बैठकीत ती स्वतःहून बोलायला उभी राहिली. मागच्या वेळचं एकही वाक्य तिने परत घेतलं नाही. गुंडाला परवाना लागत नाही हे खरंच आहे, लोकूमल सेठनी नीट पाहून मगच रोखलं हेही खरं आहे, आणि त्यांचं हत्यार काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण मी रायफलवर पदक मिळवलेली बाई, आणि मी माझ्या नवऱ्याला मारलं. म्हणून ठरावात बदल करा. सहज परवाना नको. आधी शिक्षण, मग परीक्षा, आणि अंधारातली, गर्दीतली परीक्षा, नुसती कागदावरच्या गोलाची नाही. ती पास होईल त्यालाच परवाना. आणि माझा अर्ज मी मागे घेते.

काही दुकानदार चिडले. एकाने विचारलं की बाई, तुम्ही नक्की कुठल्या पार्टीत? उस्तादांनाही तिचं पटलं नाही. परीक्षा पास झालेल्यालाही राग येतोच, ते म्हणाले, त्याची परीक्षा कोण घेणार? लोकूमल उलट्या बाजूने भांडला की परीक्षेचा कागद येईपर्यंत माणूस मरून जाईल. दोघंही अंजनीशी भांडले, आणि तिला त्यात मजा येत होती असं मला दिसलं. शेवटी बदललेला ठराव थोड्याच मतांच्या फरकाने पास झाला आणि सरकारकडे गेला. तिकडून उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. तो अजूनही असेल.

जयदेवने मात्र सगळ्या दुकानांत एक तार ओढली. एका दुकानात बटण दाबलं की सगळीकडे घंटा वाजायची. एकदा त्या घंटेने हप्तेवाल्यांना पळवून लावलं, शंभर माणसं एकदम रस्त्यावर आली होती. पण पलीकडच्या गल्लीतल्या सोनाराला लुटलं तेव्हा चोरांनी त्याला बटणापर्यंत पोचूच दिलं नाही. त्या दिवशी लोकूमल अंजनीसमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या काउंटरवरच्या बटणाकडे बोट दाखवून परत गेला. सोनार वाचला, पण त्याचा एक हात कायमचा गेला. अंजनी त्याला भेटून आली. तिने अर्ज पुन्हा केला नाही, पण उस्तादांना जाऊन तिने विचारलं की त्या माणसाला आता मी काय सांगू. उस्ताद म्हणाले, "मलाही माहीत नाही, पोरी." आणि मग म्हणाले की नेमबाजी सोडू नकोस, तुझा हात वाया चाललाय.

त्यातून अंबरनाथला एक छोटासा नेमबाजी वर्ग सुरू झाला. एका शाळेच्या मागच्या मोकळ्या खोलीत, छर्ऱ्याचं एअर पिस्तूल, दहा मीटरवर टार्गेट. पिस्तूल वर्गाच्या कपाटात, किल्ली उस्तादांकडे. जुनं पिस्तूल मिळवून देणारा होता लोकूमल. मोठ्या व्यापाऱ्यांकडे फिरून त्यानेच सोय केली, आणि वर आम्हाला ऐकवलं की मी हरलेलो नाही, हे फक्त खेळासाठी. अंजनी बालवाडी संपली की तिथे जायची. रायफलची सवय, एका हाताने पिस्तूल धरायला तिला महिने लागले. पहिल्या दिवसांत टोक असं हलायचं की छर्रा भिंतीवर जायचा. पण ती घरी येऊन पाण्याची बाटली हातात धरून उभी राहायची, भाकरी थापतानाही डावा हात कमरेवर. मांजर्लीतल्या तीन-चार बायका तिच्याबरोबर जायला लागल्या, कौसाबाईसुद्धा एकदा येऊन गेली आणि म्हणाली की माझं भांडंच बरं.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात वरळीच्या रेंजवर राज्य स्पर्धा होती. आम्ही चौघं गेलो, मी, जयदेव, शिवराम आणि उस्ताद. लोकूमल दुकान सोडून येईना. त्याच्याकडे फोन होता, म्हणून निकाल त्यालाच कळवायचा ठरला. महिलांच्या रांगेत अंजनी टोकाला उभी. शेजारच्या मुलींकडे परदेशी पिस्तुलं आणि खास बूट, हिच्या पायात कापडी बूट. पहिल्या टार्गेटला ती घसरली. उस्तादांनी डोळे मिटले. मग तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, खांदे सैल सोडले, आणि पुन्हा उचललं. तिथून पुढे मी श्वास घ्यायचं विसरलो. दहा, नऊ, दहा, दहा. दुर्बिणीतून बघणारा माणूस आकडे सांगत होता आणि शिवराम प्रत्येक आकड्याला माझा दंड दाबत होते. शेवटचा छर्रा गेला तेव्हा जयदेव, तो अबोल माणूस, खुर्चीवर उभा राहिला आणि मागच्यांनी त्याला खाली ओढलं.

ती तिसरी आली. कांस्यपदक.

मी बाहेर जाऊन फोन लावला. लोकूमलने फोन उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर तसाच लोंबता टाकून तो गल्लीत धावला असावा, कारण मला पलीकडून त्याचा आवाज लांब लांब जाताना ऐकू येत होता, प्रत्येक दुकानाच्या दारात. मग सगळ्या दुकानांतल्या घंटा एकदम वाजायला लागल्या. कुणीतरी जयदेवच्या तारेचं बटण दाबून धरलं होतं.